बेसबॉलमधील गुणपारख

बेसबॉलमधील गुणपारख म्हणजे व्यावसायिक संघांच्या वतीने उदयोन्मुख खेळाडूंचे निरीक्षण करून त्यांच्या सध्याच्या क्षमतेचे व भावी वाटचालीचे मूल्यमापन करण्याची पद्धती होय. हे काम करणाऱ्या व्यक्तीस ‘स्काउट’ म्हणतात. बालवीर चळवळीतील स्काउटशी या शब्दाचा येथे संबंध नाही; मूळ अर्थ ‘पुढे जाऊन टेहळणी करणारा’ असा आहे. अमेरिकेत हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या १७-१८ वर्षांच्या मुलांची पारख हा या कामाचा सर्वांत अवघड भाग मानला जातो. मुलाचे शरीर व स्वभाव अजून घडत असताना पाच-सहा वर्षांनंतर तो जगातील सर्वोत्तम खेळाडूंसमोर कसा खेळेल, याचा अंदाज स्काउटला बांधावा लागतो.

या पारखीसाठी पाच मूलभूत शारीरिक गुण, २० ते ८० अशी गुणांकनाची श्रेणी आणि स्वभावाचे निरीक्षण ही साधने रूढ आहेत. अलीकडे त्यांना संगणकीय मोजमापांची जोड मिळाली आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यावसायिक संघ आपापल्या स्काउटमार्फत गावोगावचे खेळाडू हेरत व त्यांच्याशी थेट करार करीत. १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी दुय्यम संघांची साखळी उभारली. तयार खेळाडू विकत घेण्याऐवजी कोवळ्या वयाची मुले थोड्या पैशांत घेऊन त्यांना पायरीपायरीने घडवावे, हा त्यामागील विचार होता. या पद्धतीमुळे गुणपारखीचे महत्त्व वाढले. याच रिकी यांनी पुढे ब्रुकलिन डॉजर्स संघात असताना १९४५ साली जॅकी रॉबिन्सन यांच्याशी करार केला आणि व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत मोडली. रॉबिन्सन यांच्याकडे रिकी यांचा निरोप घेऊन जाणारे क्लाइड सुकफोर्थ हे स्काउट होते.

करार खुला असल्याने चाणाक्ष स्काउट हा संघाचा मोठा ठेवा असे. न्यूयॉर्क यांकीज संघाचे टॉम ग्रीनवेड यांनी १९४९ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील मिकी मँटल या तरुणाला शालेय शिक्षण संपताच करारबद्ध केले; मँटल पुढे त्या काळातील अग्रगण्य फलंदाज ठरले. स्काउटचे काम बहुतांशी पुरुषांच्या हाती असले, तरी १९४६ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज संघाने ईडिथ हूटन या माजी महिला खेळाडूची स्काउट म्हणून नेमणूक केली होती.

श्रीमंत संघ मोठ्या रकमा देऊन गुणी मुले पळवू लागल्यावर त्यास आळा घालणारे नियम आले. १९५३ ते १९५७ या काळात ४,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम घेणाऱ्या नवख्या खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवणे बंधनकारक होते. त्यामुळे अनेक तरुणांना दुय्यम संघांत शिकण्याची संधी मिळाली नाही व ते मुख्य संघात नुसते बसून राहिले. अखेर १९६५ मध्ये वार्षिक निवडप्रक्रिया सुरू झाली.

१९७४ मध्ये मेजर लीगच्या संघांसाठी एक सामाईक स्काउटिंग कार्यालय स्थापन झाले. १९७०च्या दशकाच्या मध्यात मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांच्या प्रयत्नांतून, वाहनांचा वेग मोजणारे रडारयंत्र चेंडूचा वेग मोजण्यासाठी वापरात आले. तोपर्यंत केवळ अनुभवी नजरेने ठरणाऱ्या गोष्टीला प्रथमच आकड्याचे रूप मिळाले.

वार्षिक निवडप्रक्रिया

‘ड्राफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेत मेजर लीगचे ३० संघ आळीपाळीने खेळाडूंची नावे पुकारतात. एका संघाने निवडलेल्या खेळाडूशी त्या वर्षी अन्य संघ करार करू शकत नाही. आधीच्या हंगामात दुबळ्या ठरलेल्या संघांना पुढचा क्रमांक मिळावा, हे मूळ तत्त्व आहे. २०२३ पासून अगदी वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. २०१२ ते २०१९ या काळात निवडीच्या ४० फेऱ्या होत; २०२१ पासून त्या २० करण्यात आल्या.

अमेरिका, कॅनडा व पोर्तो रिको येथील हायस्कूल पूर्ण केलेले विद्यार्थी निवडीस पात्र असतात. मात्र एखाद्या विद्यार्थ्याने करार नाकारून चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत तो पुन्हा पात्र ठरत नाही. त्यामुळे प्रत्येक गुणी विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात: ताबडतोब पैसे घेऊन दुय्यम संघात जाणे, किंवा शिष्यवृत्तीवर पदवीचे शिक्षण घेत खेळणे. मुलगा किती रकमेवर राजी होईल, याचा अचूक अंदाज घेणे हासुद्धा स्काउटच्या कामाचा भाग असतो. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतील खेळाडूंवर खर्च करावयाच्या रकमेवर प्रत्येक संघाला मर्यादा घालून देण्यात आली आहे.

पारखीची यंत्रणा

प्रत्येक संघ देशाचे भाग पाडून त्या त्या विभागासाठी एक स्काउट नेमतो. विभागीय स्काउट शालेय सामने पाहतो, प्रशिक्षकांशी बोलतो, मुलाच्या घरी जातो आणि लेखी अहवाल देतो. त्याने सुचवलेल्या निवडक खेळाडूंना मोठ्या प्रदेशाची जबाबदारी असलेले वरिष्ठ स्काउट पुन्हा पाहतात. एकाच विभागात वावरणाऱ्या माणसाला आपलाच खेळाडू श्रेष्ठ वाटण्याचा संभव असतो, म्हणून ही फेरतपासणी आवश्यक मानली जाते. अंतिम निर्णय स्काउटिंग प्रमुख घेतात.

शालेय सामन्यांखेरीज उन्हाळ्यात देशभरातील निवडक मुलांची प्रदर्शनीय शिबिरे व स्पर्धा होतात. १९८७ मध्ये सुरू झालेले एरिया कोड गेम्स हे त्यांपैकी एक होय. २०२१ पासून मेजर लीगतर्फेही निवडीपूर्वी एक मूल्यमापन शिबिर भरवले जाते.

पाच गुण

पिचर वगळता अन्य खेळाडूंची पारख पाच गुणांवर होते. स्काउटांच्या बोलीत या गुणांना ‘टूल’, म्हणजे अवजार, असे म्हणतात. अवजार हाती असणे व कारागिरी येणे यांत जे अंतर आहे, तेच अंतर या शब्दातून सूचित होते. पाचही गुण असलेला खेळाडू दुर्मीळ असतो.

*फलंदाजीचे कौशल्य.* चेंडू बॅटच्या योग्य भागावर वारंवार घेण्याची क्षमता. पिचर उभा राहतो ती जागा होमप्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर (१८.४४ मीटर) असते. ताशी ९० मैल (सुमारे १४५ किमी) वेगाचा चेंडू हे अंतर जवळजवळ ०.४ सेकंदात कापतो. तेवढ्यात चेंडूचा प्रकार ओळखून, तो मारायचा की सोडायचा हे ठरवून बॅट फिरवावी लागते. दहा प्रयत्नांत तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम गणला जातो. हा गुण सर्वांत महत्त्वाचा आणि अंदाज बांधण्यास सर्वांत कठीण आहे. स्काउट बॅट फिरवण्याची सहजता, हातांचा वेग, डोक्याची स्थिरता व वळणाऱ्या चेंडूंपुढील प्रतिसाद पाहतात.

*फटक्यातील ताकद.* चेंडू किती दूर जाऊ शकतो, हे सरावातील फटक्यांवरून कळते. सरावात दिसणारी ताकद व प्रत्यक्ष सामन्यात वापरता येणारी ताकद यांची नोंद वेगवेगळी केली जाते. कारण चेंडू बॅटवर आलाच नाही, तर ताकदीचा उपयोग नसतो.

*धावण्याचा वेग.* हा गुण घड्याळाने थेट मोजता येतो. शिबिरांत ६० यार्डांची (५४.८६ मीटर) धाव घेतली जाते व साधारणपणे ६.७ ते ६.९ सेकंद ही वेळ मध्यम मानतात. सामन्यात फटका मारल्यापासून पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे ९० फूट (२७.४३ मीटर), पोहोचण्याची वेळ नोंदवतात. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी सुमारे ४.३ सेकंद व डावखुऱ्यासाठी सुमारे ४.२ सेकंद ही मेजर लीगमधील मध्यम वेळ होय. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या बाजूला उभा राहत असल्याने त्याला हा लाभ मिळतो.

*क्षेत्ररक्षण.* चेंडूच्या रोखाने पहिले पाऊल किती लवकर पडते, हातांची मृदुता, पायांची हालचाल व निर्णयक्षमता यांचा यात विचार होतो. दुसऱ्या व तिसऱ्या बेसमध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप, मध्य मैदानाचा रक्षक व कॅचर या जागा सर्वांत कठीण समजल्या जातात. शाळेत शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा मुलगा शरीर भरल्यावर तेथे टिकेल का, हा नेहमीचा प्रश्न असतो. कारण सोप्या जागेवर जावे लागल्यास त्याच्याकडून फलंदाजीची अपेक्षा वाढते.

*फेकीची ताकद.* फेकीचा वेग, अचूकता व चेंडूचा सरळ मार्ग पाहिला जातो. कॅचरच्या बाबतीत चेंडू हाती आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतची वेळ मोजतात. सुमारे २ सेकंद ही मेजर लीगमधील मध्यम वेळ आहे.

पिचरचे मूल्यमापन

पिचरसाठी निकष निराळे असतात. त्याच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूला स्वतंत्र गुण दिले जातात: वेगवान फास्टबॉल, खाली वळणारा कर्व्हबॉल, आडवा सरकणारा स्लायडर आणि वेगाचा भास निर्माण करून मंद येणारा चेंजअप. त्याशिवाय चेंडू योग्य पट्ट्यात टाकण्याचे नियंत्रण व नेमक्या जागी टाकण्याची अचूकता यांचाही विचार होतो. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग अलीकडे ताशी सुमारे ९४ मैल (१५१ किमी) आहे. शालेय पिचर केवळ वेगाच्या बळावर समवयस्कांना सहज बाद करतो व त्याला चेंजअपची गरज भासत नाही. त्यामुळे त्याचे दुय्यम चेंडू किती विकसित होतील, हे सामन्यातून क्वचितच दिसते. फेकीची शैली सुलभ आहे की खांद्या-कोपरावर ताण आणणारी आहे, याकडे स्काउट विशेष लक्ष देतात.

२० ते ८० श्रेणी

प्रत्येक गुणाला २० ते ८० या दरम्यान अंक दिला जातो. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी खेळाडू. शाळकरी मुलांची सरासरी नव्हे. संख्याशास्त्राच्या भाषेत १० अंकांचा फरक म्हणजे एक प्रमाण विचलन. म्हणून ६० म्हणजे सरासरीहून स्पष्टपणे चांगला, ७० म्हणजे अव्वल आणि ८० म्हणजे एका पिढीत मोजक्यांनाच मिळणारा अंक होय.

अहवालात दोन अंक असतात: आजचा आणि भविष्यातील. एखाद्या १७ वर्षांच्या मुलाच्या फलंदाजीस ‘आज २५, पुढे ५५’ असे लिहिले जाते. आजचा अंक हे निरीक्षण असते, तर भविष्यातील अंक हे भाकीत असते. या दोहोंमधील अंतर जितके मोठे, तितका धोका अधिक. सर्व गुणांचा मेळ घालून खेळाडूच्या एकंदर भावी क्षमतेचाही एक अंक ठरवला जातो.

शरीर, वय आणि स्वभाव

उंच, रुंद खांद्यांच्या पण अद्याप सडपातळ असलेल्या मुलाचे शरीर पुढे भरेल व ताकद वाढेल, असे मानले जाते. उलट लवकर वयात आलेला धिप्पाड मुलगा आज सरस दिसला, तरी त्याची वाढ संपलेली असू शकते. एकाच वर्गातील दोन मुलांत वर्षभराचे अंतर असल्यास समान खेळ करणाऱ्या लहान मुलाला अधिक वाव आहे, असे धरतात.

स्वभावात शिकण्याची तयारी, चिकाटी, शिस्त व अपयश पचवण्याची शक्ती यांचा समावेश होतो. शाळेत हा मुलगा जवळजवळ प्रत्येक सामना गाजवत आलेला असतो. दुय्यम संघात मात्र घरापासून दूर, लांबचे बसप्रवास करीत, जवळजवळ रोज सामना खेळताना त्याला बहुधा पहिल्यांदाच सलग अपयश भेटते. त्या वेळी तो कसा वागेल, हे कोणत्याही घड्याळाने वा रडारने मोजता येत नाही. म्हणून स्काउट बाद झाल्यानंतरचे त्याचे वर्तन, सहकाऱ्यांशी व पालकांशी बोलण्याची रीत या बाबी टिपून ठेवतात.

शालेय खेळाडूंच्या पारखीतील अडचणी

पहिली अडचण प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाची. शालेय सामन्यांत समोरचा पिचर पुष्कळदा सामान्य असल्याने मोठी आकडेवारी फसवी ठरते. दुसरी अडचण बॅटची. शाळांमध्ये धातूची किंवा कृत्रिम द्रव्याची बॅट चालते, व्यावसायिक खेळात मात्र लाकडी बॅटच वापरावी लागते. २०१२ पासून शालेय बॅटवर कडक मानके लागू झाल्याने हा फरक कमी झाला आहे. तिसरी अडचण हवामानाची. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा येथे जवळजवळ वर्षभर खेळता येते. उत्तरेकडील राज्यांत थंडी व पावसामुळे वसंतातील हंगाम तोकडा असतो आणि तेथील मुले स्काउटांच्या नजरेस कमी पडतात.

उल्लेखनीय उदाहरणे

१९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने पहिल्या क्रमांकावर कॅलिफोर्नियातील स्टीव्ह चिलकॉट या शालेय कॅचरची निवड केली. खांद्याच्या दुखापतीमुळे ते मेजर लीगपर्यंत पोहोचू शकले नाहीत. दुसऱ्या क्रमांकावर महाविद्यालयातून निवडले गेलेले रेजी जॅक्सन यांनी पुढे ५६३ होमरन केले.

१९८० मध्ये मेट्स संघाने पहिल्याच फेरीत कॅलिफोर्नियातील दोन शालेय खेळाडू घेतले: पहिल्या क्रमांकावर डॅरिल स्ट्रॉबेरी आणि २३व्या क्रमांकावर बिली बीन. बीन यांच्यात पाचही गुण असल्याचे स्काउटांचे मत होते. स्ट्रॉबेरी यांनी ३३५ होमरन केले. बीन यांना मेजर लीगमध्ये १४८ सामन्यांत ०.२१९ एवढीच सरासरी राखता आली. धाव, फेक व देहयष्टी उत्तम असूनही अपयशाने ते खचत, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. बीन १९९० मध्ये खेळ सोडून स्वतः स्काउट झाले आणि १९९७ मध्ये ओकलँड अ‍ॅथलेटिक्स संघाचे महाव्यवस्थापक बनले.

१९८७ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सने प्रथम क्रमांकावर निवडलेले केन ग्रिफी कनिष्ठ १९ व्या वर्षीच मेजर लीगमध्ये दाखल झाले. ६३० होमरन करणारे ग्रिफी २०१६ मध्ये ४४० पैकी ४३७ मते मिळवून कीर्तिदालनात निवडले गेले. शालेय पारख अचूक ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

१९९१ मध्ये यांकीज संघाने नॉर्थ कॅरोलायनातील ब्रायन टेलर या डावखुऱ्या शालेय पिचरला प्रथम क्रमांकावर घेऊन १५.५ लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका हाणामारीत त्यांचा खांदा निखळला व ते मेजर लीगमध्ये कधीच खेळू शकले नाहीत. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे १९९२ च्या निवडीत त्याच संघाने मिशिगनमधील शालेय शॉर्टस्टॉप डेरेक जीटर यांना सहाव्या क्रमांकावर घेतले. ते संघाचे दीर्घकाळ कर्णधार राहिले व २०२० मध्ये कीर्तिदालनात निवडले गेले.

२००९ मध्ये न्यू जर्सीतील मिलव्हिल गावचे माइक ट्राउट २५व्या क्रमांकापर्यंत उपलब्ध राहिले. थंड प्रदेशातील शालेय फलंदाजांविषयीची साशंकता हे त्याचे एक कारण मानले जाते. लॉस एंजेलिस एंजल्स संघाने त्यांना निवडले. पुढे २०१४, २०१६ व २०१९ मध्ये ते अमेरिकन लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले.

आकडेवारी आणि तंत्रज्ञान

१९८०च्या दशकात अभ्यासक बिल जेम्स यांनी निवडप्रक्रियेचे निकाल तपासून, महाविद्यालयीन खेळाडू शालेय खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक लाभदायक ठरतात, असे दाखवले. महाविद्यालयीन खेळाडू वयाने मोठा, अधिक तुल्यबळ स्पर्धेत पारखलेला व आकडेवारीने अधिक भरवशाचा असतो. बीन यांच्या नेतृत्वाखालील ओकलँड संघाने हे धोरण स्वीकारले. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ (२००३) या पुस्तकामुळे ते जगभर चर्चिले गेले. देखण्या शरीरापेक्षा प्रत्यक्ष कामगिरीला महत्त्व द्यावे, हा त्या पुस्तकाचा एक मुख्य मुद्दा होता. पुढील काळात अन्य संघांनीही हे धोरण अंगीकारले व शालेय आणि महाविद्यालयीन निवडींतील लाभाचे अंतर कमी होत गेले.

२०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटण्याचा वेग व कोन नोंदवणारी यंत्रणा बसवण्यात आली. तशीच उपकरणे आता शालेय शिबिरांतही वापरली जातात. त्यामुळे फटक्यातील ताकद व चेंडूचे वळण यांविषयीचे मतभेद बरेच कमी झाले. तथापि फलंदाजीचे कौशल्य व स्वभाव यांबाबत प्रत्यक्ष निरीक्षणाची गरज संपलेली नाही. बहुतेक संघ आज दोन्ही पद्धतींचा मेळ घालतात.

टीका आणि आरोग्याचे प्रश्न

वेगाच्या आकड्याला आलेल्या अवास्तव महत्त्वामुळे शालेय पिचर पूर्ण ताकदीने, वर्षभर विश्रांतीविना चेंडू टाकू लागले, अशी टीका वैद्यकीय तज्ज्ञांनी केली आहे. कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर प्रथम केली. ती आता किशोरवयीन मुलांवरही करावी लागते. २०१४ मध्ये मेजर लीग व यूएसए बेसबॉल या संस्थांनी मार्गदर्शक मर्यादा जाहीर केल्या. त्यांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५, तर १७-१८ वर्षांच्या मुलाने १०५ हून अधिक चेंडू टाकू नयेत.

प्रदर्शनीय शिबिरांचे शुल्क, प्रवास व खासगी प्रशिक्षण यांचा खर्च सामान्य कुटुंबांना परवडत नाही व त्यामुळे गुणी मुले नजरेआड राहतात, हाही आक्षेप घेतला जातो. शिवाय निवड झालेल्या खेळाडूंपैकी अनेक जण मेजर लीगपर्यंत पोहोचत नाहीत. शिक्षण सोडून आलेल्या मुलाच्या दृष्टीने चुकलेल्या भाकिताची किंमत संघाच्या आर्थिक नुकसानीपेक्षा मोठी असते. यासाठी करारातच पुढील महाविद्यालयीन शिक्षणाच्या खर्चाची तरतूद करून घेण्याची प्रथा आहे.

भारताशी संबंध

२००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची चेंडूफेक स्पर्धा घेण्यात आली. त्यातून पुढे आलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोन्ही तरुण भालाफेकपटू होते व त्यांना बेसबॉलचा पूर्वानुभव नव्हता. अमेरिकेत प्रशिक्षण घेतल्यावर त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. दोघेही दुय्यम संघांत खेळले. मेजर लीगपर्यंत मात्र पोहोचले नाहीत. फेकीची ताकद हा एकच गुण पाहून केलेल्या निवडीची शक्यता व मर्यादा या दोन्ही बाबी या प्रयोगातून दिसून आल्या. या घटनेवर आधारित चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला.

हे सुद्धा पहा

बेसबॉल
मेजर लीग बेसबॉल
जॅकी रॉबिन्सन
सॉफ्टबॉल